मलेरियाच्या खालचा शब्द

शाळेतले निवृत्त शिपाई संगमेश्वरअप्पा अहमदपुरात गल्लीतल्या लोकांना डिक्शनरीतून इंग्रजी शब्दांचे अर्थ सांगायचे. बायको गौरम्माचा ताप महिनाभर उतरेना, म्हणून लातूरला तपासणी केली. रिपोर्टातला 'मॅलिग्नंट' शब्द त्यांनी शोधायला घेतला. आधी 'मलेरिया' लागला. बोट खाली सरकलं आणि थांबलं. कर्करोगाचा, असा अर्थ होता.

"काय लिव्हलंय त्यात?" गौरम्मानं विचारलं.

अप्पांचं बोट पुन्हा वर गेलं. "मलेरिया हाय."

"मग गोळ्यांनी जाईल की!" तिला हायसं वाटलं.

अप्पांना पुढं खरं सांगायचा धीर झाला नाही. ती डासांना शिव्या देत राहिली आणि अप्पा रोज मच्छरदाणी बांधत राहिले. पौषात ती गेली.