वहिनीने छापलेले कॉर्ड

माझे वडील फौजेत बँडवाले होते. समोर कागद असल्याशिवाय वाद्याला हात लावायचा नाही, ही खोड ते पलटणीतून साताऱ्याला घेऊन आले. आमची गायन पार्टी घरचीच. आत्या गायची, थोरला भाऊ पेटीवर, मी ढोलकीवर, वडील गिटारवर. जयंतीच्या दिवसांत आम्ही बुद्ध-भीमगीतं घेऊन गावोगाव जायचो. बाकी सगळे कानावर वाजवणारे. वडील मात्र प्रत्येक नव्या गाण्याचे कॉर्ड, म्हणजे गिटारवर एकत्र छेडायच्या सुरांच्या खुणा, स्वतः लिहून काढायचे. "अंदाजानंच वाजवायचं तर टाळ्या वाजवा की," असं आम्हाला ऐकवायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी साखरेनं त्यांचे डोळे धरले. चष्मा बदलून आता उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. त्यांना स्वतःचंच अक्षर लागेना. मग त्यांनी जाहीर केलं, आष्ट्याचा कार्यक्रम शेवटचा; त्यानंतर गिटार आपल्या मलकापूरच्या मावसभावाला द्यायची. तसा निरोपही धाडला. मला भयंकर राग आला होता, पण तो काढायचा कुणावर?

वहिनी सांगलीची. गाण्याशी तिचा संबंध ऐकण्यापुरता. ती साताऱ्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये कामाला होती आणि तिथल्या मशीनवर कुणीतरी संगीत लिहायचं सॉफ्टवेअर टाकून ठेवलं होतं. वडिलांचे जुने कागद घेऊन ती क्लास सुटल्यावर तिथंच बसायला लागली.

पहिला छापील कागद बघून मी खूश. पाच रेघा, त्यांवर सूर, खाली गाण्याचे शब्द, वर तिरप्या नाजूक अक्षरात कॉर्ड. वडिलांनी तो नाकाजवळ धरला, मग लांब धरला. म्हणाले, "छान दिसतंय, पोरी." त्यांनी छान म्हटलं की काम बाद, हे घरात सगळ्यांना ठाऊक. एव्हाना वहिनीलाही ते कळलं होतं.

दुसरी कुणी असती तर अक्षर मोठं करून मोकळी झाली असती. वहिनी आमच्या तालमीला आली, वडिलांच्या समोर बसली आणि त्यांचे हात सोडून डोळेच बघत राहिली. मी म्हटलं, "वहिनी, फोटो काढताय व्हय त्यांचा?" तिनं लक्षही दिलं नाही. ओळ संपली की वडील आत्याच्या तोंडाकडे बघायचे, आणि नजर कागदावर परत आली की जागा हरवलेली असायची. एवढी वर्षं शेजारी बसून आमच्यातल्या कुणाला हे दिसलं नव्हतं.

मग तिनं सूर काढूनच टाकले. चाल तर वडिलांना पाठच होती. प्रत्येक मात्रेला एक तिरकी रेघ, आणि कॉर्ड जिथं बदलतो नेमक्या त्या मात्रेवर सरळ, ठळक, बोटभर अक्षर. बदल नाही तिथं जागा कोरी. गाण्याची एक ओळ ती कागदावरही एकच ओळ, आणि डावीकडे तिचा पहिला शब्द. मायनर कॉर्डच्या नावातला बारका एम सॉफ्टवेअर शेजारच्या अक्षराला चिकटवायचं. तो तिनं ओढून सुटा केला. कागद वाढले तर वाढू देत, पण गिचमीड नको, हा तिचा हट्ट. वडिलांनी नवा कागद बघितला आणि सरळ गिटार जुळवायला घेतली.

आष्ट्याला आम्ही एसटीनं गेलो. खिडकी उघडी ठेवायची हौस आत्याला नडली. स्टेजमागं गळा खाकरून ती म्हणाली, "दादा, आज पांढरी सहा न्हाई झेपायची. पांढरी पाच धरा." आमच्यात सूर असा पेटीच्या पट्टीवरून सांगतात. भावानं बोटं एक पट्टी खाली सरकवली, त्याचं काम झालं. वडिलांचे कागद मात्र सगळे पांढरी सहाचे. सूर उतरला म्हणजे एकूण एक कॉर्ड बदलला. त्यांनी मांडीवरची गिटार खाली ठेवली. "माज्याबिगर करा," म्हणाले.

वहिनीनं पिशवीतून दुसरी फाईल काढली. "मामा, आत्याबाई बसनं आल्या की त्यांचा आवाज बसतोय. म्हणून खालच्या पट्टीतबी छापून आणलंय. मशीनला नुसतं सांगायचं, सगळे कॉर्ड तेच बदलतंय."

गाणं सुरू झालं. वडील आत्याकडे बघत होते, कागदाकडे बघत होते आणि त्यांचा हात कुठंही अडत नव्हता. मला वहिनीचा एवढा अभिमान वाटला की माझी लय धावायला लागली. भावानं डोळे वटारले तेव्हा आवरली.

पुढच्या रविवारी मलकापूरचे पाहुणे गिटार न्यायला आले, नवी पिशवी शिवून घेऊनच. वडिलांनी त्यांना चहा पाजला, उसाचं विचारलं, कारखान्याचं विचारलं. गिटारीचा विषय काही काढेनात. शेवटी पाहुण्यांनीच काढला.

"आता कसं जमायचं गड्या?" वडील म्हणाले. "सूनबाईनं लय गाणी छापल्यात."

खरं तर आष्ट्याची तेवढीच छापून झाली होती. वहिनी कपबशा विसळत होती. ती ओल्या हातानंच दारात आली आणि म्हणाली, "आवं पाहुणं, अजून तर निम्मीबी झाली न्हाईत."