माझ्या तोंडाकडे बघणारे काका

डिसेंबर लागला की जवाहरनगरच्या चर्चमध्ये आमची नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू होते. इथल्या फॅक्टरीच्या क्वार्टरमधले बरेच जण येतात. सगळ्यांबरोबर गाऊन घरी जाताना थंडीसुद्धा हवीशी वाटते. यंदा मात्र माझं मन रमेना. शेजारच्या शहापूरहून येणारे एक काका रोज माझ्याच अगदी जवळ उभे राहत. त्यांचे ओठ हलत, पण सगळ्यांच्या गाण्यात त्यांचा आवाज ऐकू येत नसे, आणि नजर सारखी माझ्या तोंडावर. मी जागा बदलली, तर तेही सरकले. हा माणूस गायला येतो की आणखी कशाला, मला कळेना.

एकदा गाणं बसवणाऱ्या सरांनी मध्येच हात वर करून सगळ्यांना थांबवलं. काका डोळे मिटून एकटेच गात राहिले, तेही भलत्याच सुरात. मुली हसल्या, तरी त्यांना पत्ता नाही. मी त्यांच्या दंडाला हात लावला, तसे ते दचकले.

"थांबलं का जी? मले आता ऐकू येत नाही, बाई. तुमचा आवाज मोठा हाय. जवळ उभा राहिलो का गाणं अंगात वाजते."

सरांनी पुन्हा सुरुवात केली. मी काकांच्या बाजूला सरकले आणि गळा मोकळा सोडला.