सुपावरचं पाणी

"ठेव तिथंच. पायरीवर. आन् पोरीला सांग, उंबऱ्याला शिवू नको."

ओझरच्या अलीकडच्या एका गावातलं बागायतदाराचं घर. लगीनघर. दारात मांडव, आत बायकांचा कालवा. आईच्या डोक्यावर सुपांची चळत, माझ्या हातात तांदूळ धुवायच्या दोन रोवळ्या. जुन्नरहून चालत आलो होतो. एसटीचा कंडक्टर सुपं घेऊन चढू देत नसे. म्हणायचा, "पावणं बसतील, का तुझी सुपं?"

आईनं सुपं पायरीवर ठेवली आणि मागं सरली. घरातल्या बाईंनी तांब्या आणला. ओंजळीत पाणी घेतलं, सुपांवर शिंपडलं. मग ती उचलून आत नेली.

आम्ही बुरूड. बांबू फोडायचा, कामट्या काढायच्या, सूप विणायचं. लग्नाला आमचं सूप लागतं. पाचवीला बाळाला सुपात निजवतात. देवीपुढं सूप. खळ्यावर सूप. सूप आत जातं. सूप करणारी बाहेर राहते. मधे पाणी.

मी तिसरीत होते. परत येताना आईला विचारलं, "आये, आपली सुपं घाण व्हती का?"

"न्हाई."

"मग पाणी का मारलं?"

"रीत हाय. चाल बिगीबिगी."

त्या वर्षी घरात तांदळाची कणी शिजत होती, तीही रोज नाही. बाजारात प्लास्टिकच्या पाट्या आल्या होत्या, लाल, निळ्या, हिरव्या. डालगी, टोपल्या कुणी घेईना. दादा, म्हणजे माझे वडील, तळेघरच्या बाजूला जाऊन बांबू आणायचे. पावसाळ्यात त्याला बुरशी धरायची. आईच्या बोटांत बांबूची कुसं रुतलेली असत. ती सुईनं काढायला माझी नजर लागायची. भाकरी थापताना तिला झोंबायचं. ती बोलत नसे. मी बघत असे.

शाळेची सहल गेली जुन्नरची लेणी बघायला. सर सांगत होते. राजांनी दान दिलं. व्यापाऱ्यांनी दान दिलं. भिंतीवर लेख कोरले आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीचे. मी हात वर केला.

"सर, तेव्हा बुरूड व्हते का?"

सर हसले. "होते की. एवढा डोंगर खोदला, राडारोडा उचलायला पाट्या कुणी दिल्या?"

सगळा वर्ग हसला. पुढं वर्षभर मला 'राडारोडा' म्हणत. ए राडारोडा, फळा पूस. ए राडारोडा, सरक.

मी रडले नाही. मी त्या भिंतीकडं बघत राहिले. तिथं कायतरी लिहिलेलं होतं आणि मला ते वाचता येत नव्हतं. सरांनाही येत नव्हतं. पण सर हसू शकत होते. मी नाही. हा फरक मला त्या दिवशी कळला.

मी शिकले. बुरूड आळीतली पहिली बी.ए. मीच. आळीतल्या बायका म्हणाल्या, "आता सुपं कोन विनंल?" मी म्हटलं, "मीच विनीन. आन् वाचीनबी." दोन्ही केलं. सकाळी कामट्या, दुपारी कॉलेज.

एम.ए.ला इतिहास घेतला. प्रबंधिकेचा विषय मीच मागून घेतला, जुन्नरच्या लेखांमधले कारागीर. मार्गदर्शक म्हणाले, विषय चांगला आहे, पण मूळ लेखांचे खंड बघावे लागतील. शिलालेखांचं वाचन आणि भाषांतर छापलेले जुने, जाड, इंग्रजी खंड. ते पुण्यात एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहेत.

पहाटेच्या एसटीनं पुण्याला गेले. उंच छत, थंडगार फरशी. काचेच्या कपाटात खंड दिसत होते. पाठीवर सोनेरी अक्षरं. मी जवळ गेले, काचेला बोट लावून नाव वाचू लागले.

टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "काय हवंय?"

मी सांगितलं. त्यांनी आडनाव विचारलं. गाव विचारलं. मग थोडं थांबून, "म्हणजे आपण कोण?"

"बुरूड."

"अच्छा." मग म्हणाले, "इथे बसायला संस्थेच्या सभासदाचं शिफारसपत्र लागतं."

"मी कुणाला ओळखत नाही."

"मग अवघड आहे. आणि खरं सांगू का? शिलालेखांच्या मागे कशाला लागता? बी.एड. करा. तुमच्यात जागा असतात राखीव."

आवाज चढवला नाही त्यांनी. फार नीट बोलले. मी वळले, तेव्हा त्यांनी शिपायाला हाक मारली. "अरे, ती काच पूस जरा."

धूळ असेल काचेवर. असेलही. पण मी दारात उभी होते आणि मला तांब्या दिसला.

आमच्या प्राचार्यांकडून पत्र घेतलं. शिक्क्यानिशी. पुन्हा गेले. "हे आमचे सभासद नाहीत," म्हणाले आणि पत्र परत दिलं. वाचलंही नाही पुरतं. मार्गदर्शक म्हणाले, "पुन्हा एकदा विनंती करून बघा. जरा नमतं घ्या." मी म्हटलं, "सर, नमतं घ्यायला आई आहे माझी. जन्मभर घेतलंय तिनं. माझ्या वाट्याचंही घेऊन झालंय."

त्या दिवसांत जुन्नरच्या बाजारपेठेत सायबर कॅफे निघालं होतं. कापड दुकानाच्या माडीवर. दुकान जैन शेठजींचं. मूळचे राजस्थानातले, पण बोलणं आमच्यासारखंच. त्यांचा मुलगा कॅफे चालवायचा. वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, जुनी पुस्तकं आता इंटरनेटवर फुकट असतात म्हणे. माझा विश्वास बसला नाही. फुकट काय असतं? तरी गेले.

जिना चढले. पिशवीतून प्राचार्यांचं पत्र काढलं. घडी उलगडली आणि शेठजींच्या मुलापुढं धरलं.

तो बघतच राहिला. "हे काय ताई?"

"शिफारसपत्र. पुस्तकं बघायचीत."

तो हसला. पण सरांसारखा नाही. "ताई, कम्प्युटरला डोळं न्हाईत. त्याला काय दावता? बसा राव, मी लावून देतो."

मी बसले. पुस्तकाचं नाव टाकलं. मला वाटत होतं, आता विचारेल. आडनाव कुठं लिहायचं, जात कुठं लिहायची, सभासद कोण. मी पानावर खालीवर शोधत होते. काहीच विचारलं नाही. खंडाचं नाव आलं, त्यावर दाबलं, आणि पान उघडायला लागलं. वरून खाली, एकेक ओळ, चुलीवर दूध तापतं तसं हळूहळू. पहिल्या पानावर परदेशातल्या कुठल्यातरी विद्यापीठाचा शिक्का. आमच्या डोंगरावरचं अक्षर सातासमुद्रापार कपाटात होतं. तिथून कुणीतरी ते उचलून सगळ्यांसाठी मांडलं होतं. पुण्याच्या काचेतलंच पुस्तक. काच नव्हती.

आणि लाईट गेली. भारनियमन.

"सकाळच्याला या," शेठजींचा मुलगा म्हणाला. "तवा असते लाईट."

गेले. रोज गेले. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. एक खंड सापडला, त्यातून दुसऱ्याचं नाव कळलं, तोही सापडला. जुनी गॅझेटिअर सापडली. पुरातत्त्वाचे अहवाल सापडले. काही पानं वाकडी, काहींवर फोटो काढताना पान धरणाऱ्याचा अंगठा आलेला. तो अंगठा बघून मला बरं वाटायचं. कुणीतरी हातानं केलेलं काम आहे हे. काही खंड नव्हतेच. काहींची मधली पानं गायब. तक्रार नाही. जे होतं ते कुणाच्या मेहरबानीवर नव्हतं.

मग तो लेख आला. जुन्नरच्या लेण्यातला. कुणीतरी धर्मासाठी दान दिलं होतं. ते दान चालू राहावं म्हणून ठेव सोपवली होती. कुणाकडं? बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडं. श्रेणी म्हणजे त्या धंद्यातल्या लोकांची संघटना. तशीच कासारांच्या श्रेणीकडंही. ज्यांच्याकडं ठेव सोपवावी असे लोक. दगडात कोरलेले.

मी खुर्चीवरून उठले. पुन्हा बसले. पुन्हा वाचलं.

ते लोक माझे पूर्वज होते, असं मी म्हणत नाही. मधे दोन हजार वर्षं आहेत आणि पुरावा नाही. पुरावा नसेल तर बोलायचं नाही, हेही मी त्या खंडांतूनच शिकले. पण हात तेच होते, बांबू तोच होता. आणि ते राडारोडा उचलणारे म्हणून आलेले नव्हते. भरवशाचे म्हणून आले होते.

छापून घेतलं. घरी जाऊन आईला मराठीत सांगितलं. ती सूप विणत होती. हात थांबले नाहीत. सगळं ऐकलं आणि म्हणाली,

"मंग? आता पाणी मारायचं बंद व्हईल?"

तिनं मला जागेवर आणलं. दगडात लिहिलेलं दारात आपोआप येत नाही. ते न्यावं लागतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. पानं उलटत म्हणाले, "हा खंड फार थोड्या ठिकाणी आहे. तुम्ही कुठे पाहिलात?"

"जुन्नरला. कापड दुकानाच्या माडीवर."

"थट्टा करू नका."

"थट्टा नाही सर. तळटिपेत पत्ता दिलाय. कुणीही उघडावा. तुम्हीसुद्धा."

ते तळटीप वाचत बसले.

त्या वर्षीच्या लगीनसराईत त्या बागायतदाराकडून पुन्हा सांगावा आला. मी आईबरोबर गेले. तीच पायरी. त्याच बाई, केस पिकलेले. आत वळल्या आणि तांब्या घेऊन आल्या. मी सुपं उचलून छातीशी धरली.

"पाणी मारनार असाल तर सूप न्हाई."

"अगं, तुझ्या आयला इचार. रीत हाय."

"तुमची असंल. आमची न्हाई."

"चार बुकं शिकली तर लई मस्ती आली गं बुरडाच्या पोरीला."

"चारपेक्षा जास्त झालीत, मावशी. सुपं भिजवायला आणली न्हाईत, इकायला आणलीत. हातात घेणार का?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला नाही. आम्ही सुपं घेऊन परत निघालो. मी आईकडं बघितलं नाही. त्या सुपांवर आमचा आठवडा होता, मला माहीत होतं. अर्ध्या वाटेवर आई म्हणाली, "आळीत सांगाय पायजे. न्हाईतर दुसरं कोन तरी दील." एवढंच.

आळीत सांगितलं. कुरकुर झाली. कुणी म्हणालं, पोट कशावर भरायचं. मग एक म्हातारी म्हणाली, "सुपाबिगर लगीन लावून दावा म्हनावं." ठरलं.

दिवस मावळायच्या आत बागायतदाराचा मुलगा मोटारसायकलवर आळीत आला. लग्न उद्यावर होतं. सुपाकडं बोट दाखवून म्हणाला, "द्या बांधून."

आई उठली. ती माझ्याआधी बोलली. जन्मात पहिल्यांदा.

"हातात घे, भाऊ. आन् तुज्या आयला सांग, वाटंत नळ हाय, पर सूप कोरडंच नेलंय."

त्यानं हात पुढं केले.

मी एम.ए. झाले. जुन्नरच्या लेखांतल्या कारागिरांचा सारांश मी मराठीत टाईप करून इंटरनेटवर ठेवला आहे, फुकट. आळीतल्या समाजमंदिरात एक जुना कम्प्युटर आहे. त्यावर बसायला आडनाव सांगावं लागत नाही. पुण्याच्या त्या ग्रंथालयात मी पुन्हा गेले नाही. जाणार नाही असं नाही. जाईन तेव्हा पत्र घेऊन जाणार नाही.

आणि आमच्या आळीतून आज जे सूप बाहेर जातं, ते हातातून हातात जातं. शिंपडणाऱ्याला सूप मिळत नाही.