सरजाबाईचा पांढरा पळस

सरजाबाईनं पळसाचं काही म्हणून सोडलं नव्हतं! पानांच्या पत्रावळ्या लावल्या, मुळ्या ठेचून दोर वळले, लेकी बाळंत झाल्या तेव्हा त्याच्याच डिंकाचे लाडू केले. निलंग्याच्या पल्याडच्या माळावरचा एकेक पळस तिला भावकीसारखा ओळखीचा. पण जीव होता तो एकाच झाडावर. नाल्याकाठच्या त्या पळसाला फुलं यायची पांढरी! पांढरीशुभ्र हो, चेष्टा नाही. पण हे तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं.

आता यात लपवण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. अहो, लातूर जिल्हा झाला, नव्या पाट्या लागल्या, नवा कलेक्टर आला, पण पांढऱ्या पळसाखाली धन असतं हे काही लोकांच्या डोक्यातून गेलं नाही. शेजारच्या गावात असं झाड सापडलं, तर आठ दिवसांत मुळासकट खणून काढलं मेल्यांनी. सरजाबाईचं घर बुद्धाला मानणारं, असल्या खुळांचा तिला भयंकर राग. तिचं झाड आडरानात होतं म्हणून वाचलं होतं.

त्या साली पाऊस हुकला आणि रोजगार हमीचं पाझर तलावाचं काम निघालं, तेही नेमकं त्याच नाल्यावर. दोनशे माणसं, हातात कुदळी, आणि झाड शंभर पावलांवर! त्यात फाल्गुन. माळावर हिरवं पान औषधाला नव्हतं, नुसता पळस पेटलेला. पाणी कुठंच नाही म्हणून साळुंक्या, शिंजीर, खारी, सगळ्या फुलांतल्या मधावर तुटून पडलेल्या. आणि या पांढऱ्या बाबानंही कळ्या धरल्या, त्याही दुप्पट!

"मुडद्या, यंदा तरी दम धरायचास!" सरजाबाई झाडावरच खेकसली.

तीन दिवस तिला घास गोड लागला नाही. चौथ्या दिवशी युक्ती सुचली आणि तिचं तिलाच हसू फुटलं. तिनं केशरी पळसाची टोपलंभर फुलं खुडली, प्यायच्या पाण्यातला एक हंडा खर्ची घातला, चुन्याची चिमूट टाकून फुलं रटरटा उकळली. भाच्याचा फवारणीचा पंप तीनदा धुऊन रंगानं भरला. रंगपंचमीच्या सकाळी माणसं कामावर यायच्या आत तिनं झाडावर धार धरली. फुर्रर्र! खालची फांदी केशरी. मधली केशरी. बाई साठीची, पण उड्या मारायच्याच बाकी होत्या.

"अक्का, काय करायलाव?"

मुकादम गुरुबसप्पा! मागं सगळी टोळी. सरजाबाईच्या तोंडचं पाणी पळालं, पण जीभ शाबूत होती.

"दिसंना व्हय? पंचमी हाय! नव्या जिल्ह्यातली पहिली पंचमी. झाडासंगट रंग खेळाय बंदी हाय का?"

बायका खदखदून हसल्या. एकीनं पंप हिसकावला, दुसरीनं घमेलं उचललं, आणि मग काय विचारता! झाड भिजलं, माणसं भिजली, सरजाबाई पदरापासून टाचेपर्यंत केशरी झाली. दुष्काळात एवढा कल्ला त्या माळानं ऐकला नव्हता.

गुरुबसप्पा मात्र बाजूला उभा होता. त्यानं खाली पडलेलं फूल उचललं, पाकळी उलगडली. आत पांढरं फटक.

सरजाबाईनं ते पाहिलं. संपलं, आता कुदळी इकडं वळणार.

त्यानं मूठ मिटली. "ए, पुरे झालं खेळणं! आजपासनं खोदाई नाल्याच्या पल्याड. हिकडं कातळ हाय, कुणी फिरकायचं न्हाई!"

कातळ कसला, मऊ मुरूम होता. टोळी हसत, घमेली वाजवत पलीकडं गेली. तेव्हा तो जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "अक्का, बिनरंगाचं कसं दिसतंय, एकडाव बघू द्या की मला."

सरजाबाईचे डोळे भरून आले. केशरी हातानंच तिनं ते पुसले.

"उद्या तांबडं फुटताना या. नव्या कळ्या उमलतेत. पोटभर बघा, अन् मंग पंप तुम्ही मारा. माझे खांदे दुखायलेत."