कंपनीच्या बसमधली झोप

"हे प्रिंट आहे ना?"

हा प्रश्न ऐकला की माझं डोकं सणकतं. समोर कागदावर रंगाचा ओघळ वाळलेला दिसतोय, कडेला पेन्सिलीची रेघ पुसायची राहिलीय, आणि बाई विचारतात प्रिंट आहे ना. नाही म्हटलं की पुढचं ठरलेलं. मग एवढं महाग का? आमच्या मुलीलाही ड्रॉइंग फार छान येतं हो. आणि शेवटी, सात घोडे आहेत का? वास्तूला लागतात म्हणे. पुन्हा ते घोडे घरात येणारे हवेत, बाहेर पळणारे नकोत. वाकडच्या त्या प्रदर्शनात मी इतक्या जणांना घोडे नाहीत म्हणून सांगितलं, की तेवढ्या वेळात सातही काढून झाले असते.

माझं पोट चालतं ते लहान मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांवर. ससे, ढग, हसणारे सूर्य. रविवारी मात्र मी मला हवी ती चित्रं घेऊन प्रदर्शनांत बसते. पोस्टकार्डापेक्षा जरा मोठा कागद आणि जलरंग. तळेगावात वाढले, त्यामुळे डोळ्यांसमोर जे होतं तेच कागदावर येतं. ओळखपत्र पाठीवर टाकून टपरीवर चहा पिणारी पोरं, गेटबाहेर हेल्मेट मांडीवर घेऊन डबा खाणारा माणूस, असलं काहीतरी. आणि एक चित्र कंपनीच्या बसचं.

ते चित्र मी आठवणीतून काढलं होतं. कॉलेजात असताना एका सकाळी चाकणच्या रस्त्यावर माझी गाडी नेहमीसारखी ट्रॅफिकमध्ये अडकली आणि शेजारी कंपनीची बस येऊन थांबली. रात्रीची थर्ड शिफ्ट सुटून घरी चाललेली. खिडक्यांमधून ओळीनं झोपलेली माणसं. तिसऱ्या खिडकीत माझे वडील होते. गाल काचेला चिकटलेला, तोंड उघडं, हिरवा मफलर गळ्यात सैल झालेला. मी "अप्पा, अप्पा" म्हणून हाका मारल्या, पण त्यांना पत्ता नव्हता. घरी ते कायम तोंडावर पांघरूण घेऊन झोपायचे. त्यांचा झोपलेला चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला आणि मला भडभडून आलं. इतका दमलेला माणूस रोज घरी येऊन, चपला काढता काढता "काय, झाला का अभ्यास?" म्हणून हसत विचारत होता.

अप्पा आता रिटायर झालेत. टेबल, चित्रं लावायची लोखंडी जाळी आणि मी, एवढं सगळं स्कूटरवर एकटीनं नेणं जमत नाही, म्हणून वाकडला तेही आले. इस्त्रीचा शर्ट घालून स्टॉलमागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. बसच्या चित्राकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ह्यो कोण?"

"तुम्ही."

"हां," म्हणाले, आणि मी पाण्याची बाटली भरून येईपर्यंत ते चित्र जाळीच्या पाठीमागच्या बाजूला गेलं होतं. मी पुढे लावलं. मी गिऱ्हाइकाशी बोलत असताना ते पुन्हा मागे गेलं. मी पुन्हा पुढे आणलं. मला वाटलं, म्हातारा लाजतोय.

दुपारी एक गृहस्थ आले. रविवार असूनही गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची निळी दोरी. चाकणच्या एका कंपनीत एचआर बघतो म्हणाले. नेमकं बसचंच चित्र त्यांनी जाळीवरून काढून हातात घेतलं.

"मस्त आहे, मॅडम! आमच्या कॅलेंडरला अशीच लोकल थीम हवी होती. फक्त एक करा. हे सगळे झोपलेत ना, तेवढं बदला. डोळे उघडे, थोडं स्माइल. फ्रेश दिसले पाहिजेत. असं बघून चुकीचा मेसेज जातो."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अप्पा उभे राहिले होते. शर्ट खाली ओढून, दोन्ही हात पोटासमोर धरून, मान किंचित झुकवून.

"व्हय साहेब," ते म्हणाले. "करून देईल ती. लगीच देईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा कोण लागून गेला? ना यांच्या कंपनीचा, ना यांचा वरिष्ठ, वयानं तर मुलासारखा. पण निळी दोरी दिसली आणि माझा बाप खुर्चीवरून उठला. तीस वर्षांत अंगात मुरलेलं ते 'व्हय साहेब' रिटायरमेंटच्या दिवशी हारतुऱ्यांबरोबर परत घेतलं नव्हतं कुणी.

"नाही देणार," मी म्हणाले. "ती माणसं रात्रभर उभी राहून आलीत. झोपलेलीच राहतील. अप्पा, तुम्ही बसा."

अप्पा बसले नाहीत.

"अहो, रागावता कशाला?" गृहस्थ हसले आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढला. फोटो काढू नये अशी पाटी मी लावलेली होतीच. मी चित्रावर हात ठेवेपर्यंत त्यांनी फोटो काढला होता. "आयडिया मिळाली, थँक्यू. आजकाल हे एआयवर दोन मिनिटांत होतं."

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. प्रदर्शन भरवणाऱ्या बाई धावत आल्या आणि मलाच म्हणाल्या, "प्लीज, हळू. वातावरण खराब होतं." म्हणजे चोरीनं खराब होत नाही, चोर म्हटल्यानं होतं. तो माणूस गर्दीत दिसेनासा झाला, तेव्हा कुठे अप्पा खुर्चीवर टेकले.

परतताना देहूरोडला चहाला थांबलो. मी अजून धुमसतच होते. म्हटलं, तुम्ही उठून उभे का राहिलात? कोण होता तो तुमचा? अप्पांनी बराच वेळ चहा फुंकला.

"तू त्ये चित्र पार म्होरं टांगलं व्हतंस," ते म्हणाले. "म्हून इचारलं, ह्यो कोण."

मग त्यांनी सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी, डबल शिफ्ट करताना मशीनपाशी स्टुलावर त्यांचा डोळा लागला. साहेबांनी उठवलं नाही. आधी फोटो काढला. तो मोठा करून कँटीनच्या बोर्डावर लावला, खाली नाव आणि टोकन नंबर. जेवणाच्या रांगेतले सगळे आठवडाभर तो बघत होते.

"तुझ्या आईला बी ठाव न्हाई," ते म्हणाले. "तवापासनं कुणी बगत आसलं तर मला झोप न्हाई लागत. बसचं येगळं. बसमदी समदेच झोपायचे, कोन कुनाला बगनार? तिथं आमी आमचं व्हतो. आन आज तू मला जाळीवर टांगलंस."

माझा राग आता कुणावर काढायचा तेच मला कळेना. कँटीनच्या बोर्डावर फोटो लावणाऱ्या त्या साहेबाचं तर मला नावही माहीत नव्हतं. घरी पोचल्यावर मी ते चित्र जुन्या वहीत घालून कपाटाच्या तळाशी ठेवलं.

नव्या वर्षात वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूनं आईला एक कॅलेंडर आणून दिलं. त्याच्या चाकणच्या कंपनीनं वाटलेलं. पहिल्याच पानावर बस होती. माझीच बस, माझेच रंग, सूर्यही माझ्याच कोपऱ्यात. खिडक्या मात्र घासूनपुसून लख्ख, आणि प्रत्येक खिडकीत एक टक्क जागा माणूस, टूथपेस्टच्या जाहिरातीसारखे दात दाखवणारा. तिसऱ्या खिडकीत हिरवा मफलर होता.

मी कॅलेंडर फाडायला निघाले, तर अप्पांनी ते हातातून काढून घेतलं. चष्मा लावून खिडकीपाशी नेलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"माजाच मफलर हाय," ते म्हणाले. मग आवाज चढला. आयुष्यात मी त्यांचा चढलेला आवाज फार क्वचित ऐकलाय. "तवा झोपलो म्हून बोर्डावर लावला. आता झोपंतनं उठवून लावला. ह्यांच्या बापाची झोप हाय का?"

कपाटाच्या तळातून ते चित्र त्यांनीच काढलं.

सांगवीच्या प्रदर्शनात अप्पांनी स्वतः जाळी उभी केली आणि बसचं चित्र अगदी मधोमध, डोळ्यांच्या उंचीवर लावलं. दुपारी एक जोडपं आलं. नवऱ्याच्या गळ्यात तसलीच दोरी, फक्त लाल. तो वाकून बघू लागला. मागे खुर्ची सरकली. मी वळून पाहिलं तर अप्पा अर्धे उठले होते, एक हात शर्ट खाली ओढायला गेलेला. क्षणभर ते तसेच अवघडून राहिले, आणि मग गुडघ्यांवर हात टेकून पुन्हा खाली बसले.

"हे लोक झोपलेत का?" बाईंनी मला विचारलं.

उत्तर अप्पांनी दिलं, बसूनच. "व्हय. त्यो तिसरा मी हाय. थर्ड करून आलोय."

"केवढ्याला आहे हे?" नवऱ्यानं विचारलं.

"इकायचं न्हाई," अप्पा म्हणाले. "बगा नुस्तं."