सगळ्यांचा माणूस

दुबईतल्या मुहैस्नाच्या कॅम्पला सगळे सोनापूर म्हणत. नाव कुणी ठेवलं देव जाणे, पण ज्याने ठेवलं तो तिथे एक उन्हाळाही राहिला नसणार. बांधकाम कंपनीच्या या कॅम्पात माणसं मुलूख बघून ठेवलेली. पुढच्या ब्लॉकात मल्याळी, मधल्यात पठाण, आणि मागे पत्र्याच्या छपराखाली बंगाली, म्हणजे बांगलादेशातले. मराठी माणसं एका खोलीत मावत. काम सगळ्यांचं एकच, पण पगार पासपोर्ट बघून ठरे, आणि त्यात बंगाली सगळ्यांच्या खाली. पठाण मल्याळ्याला नावं ठेवी, मल्याळी पठाणाला, आणि बंगाल्याला दोघेही.

सत्त्याण्णव साली उन्हाळ्याच्या तोंडावर किचनमध्ये मारामारी झाली. ज्या शेगडीवर मल्याळ्यांनी मासे तळले तिच्यावर पठाणांना रोट्या भाजायच्या होत्या. एवढंच. पण तेवढ्यावरून डोकी फुटली. मुदीर, म्हणजे कंपनीचा मॅनेजर, भडकला.

"पाच भाषा का शोर नहीं मंगता. एक आदमी लाओ. वो बोलेगा, मैं सुनेगा. खलास."

आता तो एक माणूस आणायचा कुठून? मल्याळ्यांना पठाण चालेना, पठाणांना मल्याळी चालेना, बंगाल्यांना कुणी विचारलंच नाही. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं ते भिकाजीवर. मराठी इतके थोडे, की त्यांची कुणाला भीतीच नव्हती. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. लाभ कसला होता ते भिकाजीला पुढे कळलं.

भिकाजी शटरिंग कारपेंटर, गुहागरकडचा. गावात ग्रामपंचायतीची सभा भरली की त्याच्या वाडीची माणसं पायरीखाली उभी राहायची, आणि वर काय ठरलं ते शिपाई येऊन सांगायचा. भिकाजीचा बाप असाच उभा राहून म्हातारा झाला. त्यामुळे एवढ्या मुलखांच्या माणसांनी आपल्याला पुढे केलं, याचा भिकाजीला किती आनंद झाला म्हणून सांगू! त्याने त्याच शुक्रवारी गावी फोन लावला.

"अगं, सगळ्या कॅम्पाने मला निवडलं. साहेबाशी बोलायला."

"पगार वाढला काय?" तानुबाईने विचारलं.

"पगाराचं नाही गं. मान आहे."

"बरं," ती म्हणाली. मान कशाशी खातात हे तिलाही ठाऊक नव्हतं, पण नवऱ्याचा आवाज खुलला होता, तेवढं तिला पुरलं.

भिकाजीने काम मनापासून केलं. शेगड्यांच्या वेळा लावून दिल्या. कधी पठाणांच्या परातीत हात घाली, कधी मल्याळ्यांच्या पंक्तीला बसे, कधी बंगाल्यांचा डाळभात जेवे, आणि जेवता जेवता कुणाचं काय दुखतं ते ऐकून घेई. सगळ्यांचं एकच दुखत होतं. एसी बंद पडले होते, आणि जूनमध्ये खोल्यांची भट्टी होत होती. भिकाजी ऑफिसात गेला आणि हिंदीत जमेल तसं बोलला. मुदीरने ऐकून घेतलं, चहासुद्धा दिला.

"इस साल एक ब्लॉक का बजेट है. कौन सा ब्लॉक, तुम बोलो. तुम लीडर है ना?"

खोल्यांची देखरेख करणारा कॅम्प बॉस कमरुद्दीन बाहेर उभा होता. दापोलीकडचा माणूस, तीस वर्षं आखातात काढलेला. घरी बोलायचा ती बोली भिकाजीला सहज समजायची, पण मराठी माणसांच्या खोलीत त्याला मराठी कुणी म्हणत नसे. तो त्यांच्या लेखी 'मुसलमानांतला' होता. भिकाजीनेही कधी म्हटलं नव्हतं.

"भिकाजी, नाव घेऊ नकोस," तो हळू आवाजात म्हणाला. "सगळ्यांना द्या नाहीतर कुणालाच नको, असं सांग. त्याला द्यायचं तर तो देईल, शिव्या त्याला पडतील. तू नाव घेतलंस की तू खलास."

"कमरुद्दीनभाई, आजवर मला कुणी विचारलं नाही हो, कुणाला द्यायचं म्हणून. आता विचारलंय, तर गप्प बसू?"

"विचारलं म्हणून हुरळून जाऊ नये रे बाबा."

पण भिकाजी हुरळला होता. आणि खोटं कशाला बोला, त्याचा न्याय चुकीचा नव्हता. पत्र्याखाली कोण राहतं? बंगाली. दिवसभर उन्हात लोखंड कोण बांधतं? बंगाली. त्याने मागचा ब्लॉक सांगितला. आठवड्यात तिथे नवे एसी बसले.

मग जे व्हायचं ते झालं. पठाणांनी परातीतली त्याची जागा भरून टाकली. मल्याळी म्हणाले, बंगाल्यांनी वर्गणी काढून याला चारलं. ज्यांना एसी मिळाले ते बंगालीसुद्धा त्याच्याकडे संशयाने बघू लागले; फुकट कुणी काही देतं हे त्यांना खरं वाटेना. आणि स्वतःच्या खोलीत चुलत पुतण्या सुदेश ताट आपटून उठला.

"काका, तुम्ही आपल्या माणसांना विचारलंत तरी का?"

"अरे, आपण आहोत किती?"

"म्हणून आपण उकडून मरायचं? तुम्ही नक्की कुणाचे?"

"सगळ्यांचा," भिकाजी म्हणाला. हे बोलताना त्याला स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं.

जुलैत एका रात्री कुणीतरी मागच्या ब्लॉकातले एसी फोडले, वायरी कापल्या. सकाळी मुदीर स्वतः आला. त्याने भिकाजीला ऑफिसात बोलावून दार लावलं.

"किसने किया? नाम दो."

"मालूम नहीं, सर."

"तुम सबका आदमी है. तुमको सब मालूम."

"मालूम होता तो भी नहीं बोलता, सर."

एवढं एक वाक्य तो जन्मात साहेबापुढे ताठ बोलला. मुदीर हसला आणि म्हणाला, "ठीक है, जाओ."

दुपारी सगळ्यांना अंगणात उभं करून तीन नावं वाचली गेली. एक पठाण, एक मल्याळी, आणि सुदेश. तिघांचा व्हिसा कॅन्सल. नावं वाचून झाल्यावर मुदीर मोठ्याने म्हणाला, "मेरे को गाली मत दो. तुम्हारा आदमी ने नाम दिया."

भिकाजी ओरडला, "झूठ! मैंने नहीं दिया!" पण अंगण केव्हाच पांगायला लागलं होतं. फोडाफोडी झाली त्या रात्री सुदेश तापाने पडून होता, आणि त्याच्या कपाळावर ओली फडकी ठेवत भिकाजीच बसला होता. तो तसाच कमरुद्दीनकडे धावला.

"सुदेशच का हो? तो तर उठूनसुद्धा बसत नव्हता!"

कमरुद्दीनने मान खाली घातली. "एसी बंगाल्यांचेच फुटले, म्हणून ते सोडून प्रत्येक मुलखातला एकेक घेतला, म्हणजे 'आमच्यावरच का' अशी बोंब कुणा एकाला मारता येणार नाही. आणि तुझा पुतण्या मुद्दाम घेतला. स्वतःच्या पुतण्याचं नाव दिलं म्हणजे बाकीची दोन खरीच असणार, असंच सगळे धरतील."

"तुम्ही सांगा ना सगळ्यांना!"

"मी? माझं कोण ऐकतं, भिकाजी? मी कुणाचा आहे?"

एअरपोर्टची व्हॅन गेटाशी लागली होती. पठाण आणि मल्याळी एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून बसले होते. आता त्यांच्यात भांडण उरलं नव्हतं. सुदेश बॅग घेऊन चढत होता, अंगात अजून कणकण होती. भिकाजीने त्याचा दंड धरला.

"सुदेश, तुझ्या बापाची शपथ घेतो, मी नाव दिलं नाही. तू आजारी होतास, मला माहीत नाही होय? मी कशाला सांगेन?"

सुदेशने दंड सोडवून घेतला. त्याच्या आवाजात रागसुद्धा नव्हता.

"मग कुणी सांगितलं, काका? बोलायला तर आम्ही तुम्हालाच ठेवलं होतं."