सलमा आंटींच्या आजोबांचा अंक

नागपूरच्या विमानतळावर बाबा एवढंच म्हणाले, "तिकडे तरी तोंड सांभाळ." वाळूच्या ठेकेदारावरची माझी बातमी संपादकांनी दाबली होती आणि मी भांडून नोकरी सोडली होती. आई रडत होती. मी रागातच विमानात बसले.

तुम्ही फोनवर म्हणता, कॅनडात काय, सगळं छानच असणार. हॅलिफॅक्समध्ये सहा वर्षं झाली. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करता येतो, मुलगी इंग्रजीतच उत्तर देते, लायब्ररीत कॉन्ट्रॅक्टची नोकरी मिळाली. तिथेच पंचाहत्तरीच्या सलमा आंटी भेटल्या. त्यांच्या आजोबांनी शंभरेक वर्षांपूर्वी पॅलेस्टाइनमधल्या याफा शहरात अरबी वर्तमानपत्र काढलं होतं. कुळांना न विचारता जमिनी कशा विकल्या जातात, हे ते गावांची नावं घेऊन छापत. आधी तिथे राज्य करणाऱ्या तुर्कांनी पेपर बंद पाडला, मग इंग्रजांनी. तुरुंगातून सुटले की ते पुन्हा छापायला बसत. शेवटी १९४८ च्या युद्धात घर, छापखाना टाकून कुटुंबाला पळावं लागलं. आंटींच्या आईने कपड्यांच्या गाठोड्यातून एकच अंक वाचवला.

लायब्ररीत न्यूकमर्सच्या आठवणींचं प्रदर्शन ठरलं तेव्हा आंटींनी तो आणून दिला. लेबल मी टाइप केलं. आजोबांचं नाव, खाली ‘याफा, पॅलेस्टाइन’.

"लेट्स कीप इट न्यूट्रल," मॅनेजर गोड हसून म्हणाली. "मिडल ईस्ट लिही."

आमचे संपादकही असेच गोड हसले होते. माझं डोकं सणकलं. "अंकावर जे छापलंय तेच मी लिहिलंय. मी बदलणार नाही."

तिने स्वतः बदललं. उद्घाटनाला आंटी आल्या, लेबल वाचलं, काचेची पेटी उघडायला लावली आणि अंक पिशवीत ठेवला.

"आजोबांचं तोंड बंद करायला येणारे निदान वॉरंट घेऊन यायचे," त्या मॅनेजरला म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाबांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी फक्त "आता?" असं विचारलं.

आता दर शनिवारी आंटी माझ्या बेसमेंटमध्ये येतात. त्या तो अंक अरबीतून वाचतात, इंग्रजीत सांगतात, मी मराठीत लिहिते. एकेका गावाचं नाव त्या माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतात, लिहिताना चुकू नये म्हणून. राग गेलेला नाही, जायलाही नको. नागपूरने मला गप्प बसायला सांगितलं, हॅलिफॅक्सनेही, फक्त जास्त सभ्य आवाजात. घर कुठलं म्हणून विचाराल, तर सध्या त्या बेसमेंटमधलं टेबल. तिथे मला कुणी न्यूट्रल व्हायला सांगत नाही.